पेपर दाखवा, बाई

सहामाहीचे पेपर वाटण्याचा तास गिरगाव-दादरच्या शाळांमध्ये कधी शांततेत पार पडला नाही. बाई नाव पुकारत, मूल पेपर घेऊन बाकावर येई, आधी शेजारच्याचे मार्क बघे आणि मग स्वतःची बेरीज करायला बसे. पाच मिनिटांत टेबलाभोवती घोळका जमे. ‘बाई, चौथ्यातला क तपासलाच नाही.’ ‘बेरीज एकोणचाळीस होते, सदतीस लिहिलेत.’ ‘तिचं-माझं उत्तर सारखंच आहे, मग तिला दोन आणि मला दीड का?’ पहिल्या दोन तक्रारी चटकन मिटत. तिसरीला वेळ लागे. बाई दोन्ही पेपर शेजारी ठेवत आणि ओळीवर बोट ठेवून सांगत, ‘हिने कारण लिहिलंय, तू नुसती व्याख्या लिहिलीस.’ मूल हिरमुसून का होईना, बाकावर परत जाई. अर्धा मार्क कुठे गेला हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असे. मुरलेले शिक्षक तपासतानाच उत्तराखालच्या कोऱ्या जागेवर लाल रेघ मारून ठेवत, कारण पेपर हातात पडल्यावर तिथे दोन ओळी घुसडून ‘सर, हे राहिलं’ म्हणणारेही असतच.

ही मुभा नववीपर्यंतची. दहावीचा पेपर सुपरव्हायझरच्या हातात दिला की तो कायमचा गेला. पाचवीतल्या मुलाला जे विचारता येत होते, ते सोळाव्या वर्षी, आयुष्याची दिशा ठरत असताना, विचारता येत नव्हते. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतले गुणांवरचे सगळे वाद मला या एका विसंगतीतून निघालेले दिसतात.

परीक्षकाचा शब्द अखेरचा, ही समजूत मुंबईत विद्यापीठाइतकीच जुनी. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि त्या पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात असताना रानड्यांनी एका निबंधात इंग्रजी अमलापेक्षा मराठी राज्याला उजवे ठरवले, तेव्हा प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. रानड्यांसारख्या विद्यार्थ्यालाही दाद मागायला जागा नव्हती.

ती जागा मागितली गेली ती महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षांवरून. बोर्डाच्या नियमांत गुणपडताळणी होती, म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहिले जाई. उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला दाखवायची नाही आणि पुनर्मूल्यांकन करायचे नाही, असे नियमच सांगत. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जुलै १९८४ रोजी बोर्ड जिंकले. लाखो उत्तरपत्रिका दाखवत बसले तर निकालाला अंतच राहणार नाही आणि शिक्षणाच्या कारभारात तज्ज्ञ मंडळांचे मत डावलून न्यायालयांनी आपले मत लादू नये, असा त्या निकालाचा रोख होता. व्यवहार म्हणून तो मुद्दा खोटा नव्हता. पण बंद गठ्ठ्याच्या आड काय चालू शकते हे कळायला दोन वर्षेही लागली नाहीत.

१९८५ च्या नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोगशास्त्रातली एम.डी.ची परीक्षा झाली. उमेदवारांत तेव्हाचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची मुलगी होती. गुणांत फेरफार झाल्याची तक्रार एका डॉक्टरने उच्च न्यायालयात नेली, न्यायालयाने मुख्यमंत्र्यांवर ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांना राजीनामा द्यावा लागला. गुणांच्या तक्रारीवरून राज्याचा मुख्यमंत्री गेला, तरी सामान्य विद्यार्थ्याला स्वतःचा पेपर बघायला मिळावा, ही साधी गोष्ट मात्र त्यातून पुढे सरकली नाही.

ती सरकली माहितीच्या अधिकारामुळे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या खटल्यात सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती पाहण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे. परीक्षकाचे नाव मात्र उघड करायचे नाही. छायाप्रत हा शब्द त्यानंतर घरोघरी पोचला. परळच्या कॉलेजात शिकवत असताना त्या छायाप्रती घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी राहणारी मुले मी पाहिली आहेत. बहुतेकांना भांडायचे नसायचे. ‘मॅडम, तुम्ही एकदा बघून सांगा, रिव्हॅलला टाकू की नको?’ एवढेच विचारायचे असायचे. दहा मिनिटे शेजारी बसून प्रश्नागणिक पाने उलटली की निम्मी मुले स्वतःच म्हणत, ‘राहू दे, बरोबर आहे.’ उरलेल्यांचे म्हणणे खरे असे, आणि त्यांना अर्ज भरायला सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. सहकाऱ्याच्या तपासणीवर शंका घेणे म्हणजे त्याचा अपमान, असे मानणारे आमच्यात होते. मला ते तेव्हाही पटले नाही.

विद्यापीठाला मोठा फटका बसला तो २०१७ साली. आदल्या वर्षीच, मे २०१६ मध्ये, इंजिनिअरिंगच्या उत्तरपत्रिका बाहेर काढून विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहून घेण्याचे प्रकरण भांडुप पोलिसांनी उघडकीला आणले होते. पुढच्या उन्हाळ्यात कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांनी सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा आणि पूर्वतयारी अगदीच तोकडी. पाने उलटसुलट स्कॅन झालेली, पुरवण्या सापडेनात, लॉगिन होईना. जुलैत कॉलेजचे वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवले. राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, परदेशी प्रवेश घेतलेल्यांच्या जागा टांगणीला लागल्या. २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. पुढच्या एप्रिलमध्ये कुलगुरू झालेले डॉ. सुहास पेडणेकर हे माटुंग्याच्या रुईया कॉलेजचे प्राचार्य, म्हणजे इथल्याच वर्गांतून गेलेले शिक्षक.

त्या वर्षी वर्गात तोंड देणे अवघड होते. नेहमी चांगले गुण मिळवणारी मुलगी गैरहजर दाखवली गेली, तर तिला काय समजावायचे? पूर्वी निदान ‘पेपर बघू’ म्हणता येई, आता पेपरच कुठे आहे ते कोणी सांगू शकत नव्हते. लालबागचा मुलगा करी रोडला गाडी पकडून दादरला उतरे, तिथून सांताक्रूझ, मग बस करून कलिन्याचे परीक्षा भवन, आणि तिथल्या खिडकीवर ‘चार दिवसांनी या’. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याच्या, फॉर्मची तारीख निघून जाई, म्हणून केटीचा फॉर्मही भरावाच लागे. दोन्हीकडची फी. गिरणी बंद पडून वॉचमनची नोकरी करणाऱ्या बापाच्या मुलाने अशा वेळी विचार केला असेल, तर तो गुणांचा नव्हे, पैशांचा. ‘माझं चुकलंच असेल’ म्हणून गप्प बसलेली मुले कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावर झाला.

शाळांमध्ये वादाचा रोख वेगळ्या वाटेने फिरला. दहावीच्या भाषा विषयांतले तोंडी परीक्षेचे २० गुण शाळा सढळ हाताने वाटतात, म्हणून ते बंद केले गेले. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० वर उतरला. पालक आणि संस्थांनी ओरड केली आणि ते गुण परत आले. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेचे मूल्यमापन यांवर ९९.९५ टक्के मुले पास झाली. त्या जुलैत शिक्षकांच्या फोनवर जे मेसेज आले, ते नापासांचे नव्हते. ‘बाई, त्याला ९२, मग माझ्या मुलीला ८९ कसे?’ असे होते. परीक्षाच नाही, तर दाखवायला पेपर कुठला?

कॉलेजांतही अंतर्गत गुणांचा वाटा आता वाढला आहे. प्रोजेक्ट, हजेरी, वर्गातला सहभाग यांचे गुण शिक्षक एका तक्त्यात भरतो, आणि त्या तक्त्याची छायाप्रत निघाली तरी तिच्यातून काही कळत नाही. विद्यार्थ्यांचा रोष आता त्या गुणांवर आहे. वर्गात ९०-१०० मुले, तीन-तीन तुकड्या, त्यात तासिका तत्त्वावरचे शिक्षक, अशा ठिकाणी प्रत्येकाला गुणांचे कारण लिहून देणे जड आहे, हे मला माहीत आहे. तरी प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर चार ओळींचा तक्ता छापून ‘मांडणी ५ पैकी ३, संदर्भ ५ पैकी २’ असे भरणे आणि गुण विद्यापीठाकडे पाठवण्याआधी एक तास टेबलाशी बसून मुलांना ते बघू देणे एवढे तरी प्रत्येक कॉलेजने सक्तीचे करावे. त्यासाठी मुलांकडून फी घेऊ नये.