चाकांवरचे घर आणि चाकांची दिशा

मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना गॅरेजवर ‘व्हील अलाइनमेंट’ अशी पाटी तुम्ही वाचली असेल. अलाइनमेंट म्हणजे गाडीची चाके एकमेकांशी आणि रस्त्याशी योग्य कोनात बसवणे. लहान मोटारीचे हे काम लवकर होते. पण अमेरिकेत मोटारहोम नावाचे एक वाहन असते. त्याच्या मालकाला या कामासाठी बरीच पायपीट करावी लागते.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. मोठे मोटारहोम दहा-बारा मीटर लांब असते. आत स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या, सगळे काही असते. नोकरीतून निवृत्त झालेली कितीतरी माणसे महिनोन्‌महिने अशा घरातून देशभर फिरतात. वरून ते घर दिसते, पण खालचा सांगाडा ट्रकचा किंवा बसचा असतो. आपल्याकडचा ट्रकचा मिस्त्री त्याच्याखाली शिरला, तर त्याला फारसे नवल वाटणार नाही.

आता एक हिशोब करू. समजा, पुढचे एक चाक त्याच्या योग्य दिशेपासून फक्त 0.1 अंशाने वळलेले आहे. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही. पण गाडी एक किलोमीटर पुढे गेली, की ते चाक सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासले जाते. हजार किलोमीटरला हे घासणे पावणेदोन किलोमीटर होते! वरून त्या चाकावर दोन-तीन टनांचा भार. मग टायर झिजणार नाही तर काय होईल? पुढचा टायर वेगात असताना फुटला, तर एवढे जड वाहन सांभाळणे कठीण जाते. आत बसलेल्या कुटुंबाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

हा दोष हाताने ओळखता येतो. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखे टोचले, तर चाके आडवी घासत आहेत असे समजावे. मात्र हात जपून फिरवा, कारण झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असू शकते.

चाकाच्या या डाव्या-उजव्या दिशेला कारागीर ‘टो’ म्हणतात. टाय रॉड नावाचा दांडा फिरवून तो दुरुस्त करतात. चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कलले, तर तो ‘कॅम्बर’. त्याने टायरची एकच कड झिजते. तिसरा कोन ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना? तसाच हा तिरकेपणा. यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारहोमच्या उंच भिंतींना वारा ढकलतो, तेव्हा याच कोनाचा आधार असतो.

लहान मोटारींच्या गॅरेजमध्ये एवढे धूड उचलता येत नाही. म्हणून ट्रक आणि बसचे काम करणारे गॅरेजच शोधावे लागते. तिथे रिकामी गाडी नेणे मला तरी व्यर्थ वाटते. वजन वाढले की स्प्रिंगा दबतात आणि कोन बदलतात. टाकीत चारशे लिटर पाणी असेल, तर तेवढ्यानेच चारशे किलो वजन वाढते. म्हणून पाणी, इंधन, भांडीकुंडी, कपडेलत्ते असा प्रवासाचा सगळा संसार आत भरावा. मग शक्य तर प्रत्येक चाकावरचा भार वेगवेगळा मोजून घ्यावा. त्या भाराप्रमाणे टायरमध्ये हवा भरावी आणि नंतरच कोन मोजायला सांगावे.

चांगला मिस्त्री कोनांना हात लावण्याआधी चाक हलवून पाहतो. बेअरिंग किंवा सांधे ढिले असतील, तर कोन आज जुळवले तरी उद्या पुन्हा बिघडतात. तो मागचा आसही तपासतो. मागचा आस वाकडा बसलेला असला, की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. अशा वेळी पुढची चाके कितीही जुळवा, ड्रायव्हरला स्टिअरिंग सतत एका बाजूला धरून ठेवावे लागते. कामाआधीचे आणि कामानंतरचे आकडे कागदावर मागून घ्यावेत. नुसते ‘झाले साहेब’ ऐकून पैसे देऊ नयेत.

शेवटी गाडी रस्त्यावर चालवून पाहतात. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथे गाडी किंचित उजवीकडे ओढली जाते. आपल्याकडे ती डावीकडे ओढली जाईल. एवढी ओढ हा अलाइनमेंटचा दोष नव्हे. शंका आली, तर सपाट, मोकळ्या जागी गाडी सरळ चालवून पाहावी आणि स्टिअरिंग मध्यावर राहते का ते बघावे.