वाऱ्यावरचा पावशा



वारा कोणी पाहिला आहे? आपल्याला दिसते ते हललेले पान, उडालेली धूळ, नाहीतर खळ्यावर धान्य उपणताना एका बाजूला पडणारा भुसा. उपणणारा माणूस आधी वाऱ्याचा अंदाज घेतो आणि मगच पाटी उचलतो. हाच अंदाज शाळेच्या बागेत, मुलांच्या डोळ्यांसमोर उभा करता येईल काय? येईल. तांब्याचा पत्रा, एक सळई आणि थोडी चिकाटी एवढे भांडवल त्याला पुरे.

ही कल्पना नवी नाही बरे. ग्रीस देशात अथेन्स येथे दोन हजार वर्षांपूर्वीचा ‘वाऱ्यांचा मनोरा’ आजही उभा आहे. त्याच्या माथ्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी काशाची मूर्ती होती. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर हा मूळचा यंत्रशास्त्राचा पदवीधर. पत्र्याची पाने तारांवर तोलून त्याने हलती शिल्पे केली. १९५५ साली तो अहमदाबादेस साराभाई कुटुंबाकडे आला आणि तेथेही त्याने अशी शिल्पे घडविली.

आपण मात्र आपला पावशा करू. ‘पेरते व्हा’ म्हणून हाक देणारा हा पक्षी नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला काय सांगायला हवा!

पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा घ्यावा. पुठ्ठ्यावर आकार काढून, तो पत्र्यावर उतरवून कात्रीने कापावा व कडा कानशीने घासाव्यात. पोटाला आणि पंखांना फुगवटा द्यावयाचा तर लाकडी मोगरीने ठोकावे. तांबे ठोकता ठोकता कडक होते आणि हट्टाने ठोकत राहिले तर चिरते. अशा वेळी ते मंद लाल होईतो तापवावे, की पुन्हा मऊ पडते. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले तर कडक होते. तांब्याचे तसे नाही. ते पाण्यात विझविले तरी मऊच राहते. शेवटी गुळगुळीत हातोडीने शेजारी शेजारी ठोके घालावेत. यालाच तांबट मठारकाम म्हणतात. त्याने चकाकी येते आणि पत्र्याला बळही येते.

आता खरी मेख. पहिला पावशा मी केला, तेव्हा डोके आणि शेपूट सारख्याच आकाराचे ठेवले. दिसायला देखणा, पण वारा सुटला की स्वारी वाऱ्याला आडवी! मुले हसली, आणि बरोबरच हसली. नियम असा की, आसाच्या दोन्ही बाजूंना वजन सारखे हवे, परंतु शेपटीचा पसारा मोठा हवा. म्हणजे वारा शेपटीला ढकलतो आणि चोच वारा येतो त्या दिशेला वळते. शेपूट मोठी केल्याने वाढलेले वजन चोचीच्या बाजूला शिशाचा तुकडा लावून तोलावे, अगदी तराजूसारखे.

पक्ष्याच्या पोटात वरून बंद असलेली पितळी नळी डाख देऊन बसवावी आणि ती टोकदार सळईवर टोपीसारखी ठेवावी. सळई साध्या लोखंडाची नको. तांब्याला लागून ओलाव्यात राहिलेले लोखंड लवकर गंजते. पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची बरी. खांब झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, मोकळ्यावर पुरावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून पाया खोल हवा. आणि हे विसरू नका: आभाळात वीज कडाडत असताना मुलांना खांबाजवळ फिरकू देऊ नये.

नवा पत्रा महागच. घरातली फुटकी घागर मोडीत घालण्याआधी तिच्याकडे एकदा या नजरेने पाहा. जवळपास तांबट असेल तर त्याला शाळेत बोलवा. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी वसविली. पुढे स्टीलची भांडी आली आणि त्यांच्या घणाला काम कमी झाले. त्या हातांतली विद्या पुस्तकात सापडत नाही. मुलांनी ती समोर बसून पाहावी.

पावशाचे रोजचे काम कोणते? सकाळ-संध्याकाळ चोचीची दिशा वहीत लिहावयाची आणि शेजारी पर्जन्यमापकातला पाऊस. वळवाचे वारे आज इकडून, उद्या तिकडून, गडगडाट करीत येतात. मोसमी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून सलग वाहतो. दोन-तीन वर्षांची वही झाली की हा फरक मुलांच्या अंगवळणी पडतो. पावशा वळला म्हणून पेरा, असे मी म्हणत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याखेरीज पेरू नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्लाच खरा. पण वळवाच्या एका सरीला भुलून सोयाबीनचे महागडे बी मातीत घातले आणि दुबार पेरणी कपाळी आली, असे घर प्रत्येक गावात असते. त्या घरातला मुलगा जर वही उघडून म्हणाला, “बाबा, अजून वारा ठरलेला नाही, चार दिवस थांबा,” तर पावशाच्या तांब्याचे मोल वसूल झाले म्हणावयाचे.