अण्णाभाऊ साठे: ऐकीव आणि खरे

१ ऑगस्टला, लेखक अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीला, वाटेगावपासून साताऱ्यापर्यंत त्यांचे फलक लागतात, मिरवणुका निघतात. त्या गर्दीत त्यांच्याविषयी काही गोष्टी इतक्या ठामपणे सांगितल्या जातात की त्या तपासून पाहाव्यात असे कुणाला वाटतच नाही.

अण्णाभाऊ साताऱ्याचे की सांगलीचे, हा वाद दरवर्षी रंगतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. १९२० साली ते जन्मले तेव्हा वाळवा तालुक्यातले वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

‘शाळेची पायरी न चढलेला चमत्कार’ असेही त्यांचे वर्णन होते. शाळा सुटली हे खरे, पण चमत्कार म्हटले की त्यांचे कष्ट पुसले जातात. मुंबईत मिळेल ते काम करत, गिरणीत राबत ते लिहायला-वाचायला शिकले. कामगार चळवळीत रशियन लेखक मॅक्झिम गॉर्कीच्या लेखनापर्यंत पोहोचले आणि पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहून गेले. हा अभ्यास आहे, दैवी देणगी नव्हे.

सर्वांत मोठा अन्याय ‘फकिरा’वर होतो. १९५९ ची ही कादंबरी अनेकांना दरोडेखोराची गोष्ट वाटते. तिच्यातला फकिरा धान्य आणि खजिना लुटतो तो दुष्काळात माणसे उपाशी मरू लागतात म्हणून, आणि लूट उपाशी माणसांत वाटतो. इंग्रज सरकारने कायदा करून काही जातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्यावर हजेरी लादली होती. कादंबरीचा खरा आरोपी हा कायदा आहे. गावातले विष्णुपंत कुलकर्णी फकिराच्या बाजूने उभे राहतात, त्यामुळे हिला जातीविरुद्ध जातीची कथा म्हणणेही चूक. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, म्हणून अण्णाभाऊ बाबासाहेबांपासून दूर होते, असा समज आजही कम्युनिस्ट आणि आंबेडकरी अशा दोन्हीकडे भेटतो. ‘फकिरा’ त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे, आणि १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांनीच केले. भाकरीचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न त्यांच्या लेखी एकच होता. मला हाच त्यांचा सर्वांत टिकाऊ विचार वाटतो.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ शृंगारिक लावणी समजून ऐकणाऱ्यांनी ती पुन्हा ऐकावी. तिच्यातला विरह संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचा आहे.

२०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, त्याचा अभिमान रास्तच. पण आपल्या गावच्या वाचनालयात ‘फकिरा’ची प्रत आहे का, तेही पाहा. नसेल तर येत्या जयंतीच्या वर्गणीतून आधी ती घ्या.