डोक्यांची मोजणी, मतांची यादी

मुळशी तालुक्यातल्या लवळ्यात डोंगरावर विद्यापीठं आणि पायथ्याला जुनं गाव. रस्त्याकडेच्या टपरीवर मराठीइतकीच हिंदीही कानावर पडते. बाहेरून आलेल्या या माणसांमुळे गावचं राजकारण बदलतं का? बदलतं, पण फार सावकाश; कारण वस्ती आणि मत यांच्यामध्ये दोन कागद असतात.

पहिला जनगणनेचा. माणूस राहतो तिथे मोजला जातो आणि त्या आकड्यावर ग्रामपंचायतीच्या जागा ठरतात, ७ ते १७. दुसरा मतदारयादीचा. तिथे नाव आपणहून घालावं लागतं. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा जन्मगाव विचारत नाही, नेहमीचं राहण्याचं ठिकाण विचारतो. वसतिगृहातली मुलगीसुद्धा इथली मतदार होऊ शकते! पण त्यासाठी गावाकडच्या यादीतलं नाव सोडावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांचा पाय अडतो. ते मी समजू शकतो. ते नाव म्हणजे घराशी उरलेला धागा असतो.

विधानसभेचंही तसंच. मुळशी तालुका आज भोर विधानसभा मतदारसंघात आहे. त्या मतदारसंघाच्या २००८ च्या सीमाही आखल्या गेल्या त्या २००१ च्या जनगणनेवरून. इथे रस्ता बांधणारा मजूर जनगणनेत धरला जातो, पण त्या रस्त्याबद्दल मत मागायला त्याच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत क्वचितच कोणी येतं.