विश्लेषण : घरातल्या टाकीत अ‍ॅक्सोलॉटल कसा जगतो… आणि का दगावतो?

गुलाबी अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि कायम हसल्यासारखा चेहरा. ‘माइनक्राफ्ट’ या गेममध्ये २०२१ साली अ‍ॅक्सोलॉटल आला आणि जगभरातल्या मुलांना तो ओळखीचा झाला. ‘आपल्याकडेही हवा’ हा हट्टही त्यापाठोपाठ आला. मात्र हा मासा नाही, आणि हातात घेऊन खेळवण्याचा प्राणी तर मुळीच नाही. तो घरी आणण्यापूर्वी काय माहीत असायला हवे, आणि आपल्या हवामानात तो सांभाळणे कठीण का आहे, याविषयी…

अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे नेमके काय?

‘चालणारा मासा’ या नावाने तो ओळखला जात असला, तरी अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर गटातला, म्हणजे बेडकाप्रमाणेच उभयचर प्राणी आहे. इतर अनेक सॅलॅमँडर वाढीच्या एका टप्प्यावर कल्ले टाकून जमिनीवर येतात. अ‍ॅक्सोलॉटल मात्र कल्ल्यांसह आयुष्यभर पाण्यातच राहतो. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची लांबी साधारण २३ ते ३० सेंटिमीटर भरते आणि नीट सांभाळल्यास तो १० ते १५ वर्षे जगतो. त्याचे मूळ घर मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे. तेथे १९९८ मध्ये एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता, तो २०१४ मध्ये अवघ्या ३६ वर आला. प्रदूषण, शहराची वाढ आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे ही त्याची प्रमुख कारणे. बाजारात विकले जाणारे अ‍ॅक्सोलॉटल बंदिस्त पैदाशीतले असतात. या पैदाशीची सुरुवात १८६४ मध्ये पॅरिसला नेलेल्या मोजक्या प्राण्यांपासून झाली.

त्याला हातात का घेऊ नये?

अ‍ॅक्सोलॉटलच्या अंगावर खवले नसतात. त्याची त्वचा पातळ असते, तिच्यावर बुळबुळीत संरक्षक थर असतो आणि काही प्रमाणात तो त्वचेतूनही श्वास घेतो. आपल्या कोरड्या, उबदार हाताने हा थर निघतो आणि जंतू व बुरशीला वाट मिळते. हाताला साबण, क्रीम किंवा सॅनिटायझर लागले असेल तर ते थेट शरीरात शोषले जाते. त्याच्या सांगाड्याचा बराच भाग कुर्चेचा, म्हणजे मऊ असल्याने चिमटीत धरल्यानेही इजा होऊ शकते. तुटलेला पाय, शेपटी त्याला पुन्हा येते, हे खरे. पण म्हणून दुखापत झाली तरी चालेल, हा गैरसमज आहे. जखम भरेपर्यंत संसर्गाचा धोका राहतोच. या प्राण्याला मायेचा स्पर्श कळत नाही, त्याला कळतो तो फक्त ताण.

उचलावेच लागले तर काय करावे?

टाकी साफ करताना किंवा डॉक्टरकडे नेताना एक स्वच्छ प्लास्टिकचा डबा टाकीत बुडवावा, अ‍ॅक्सोलॉटलला सावकाश त्यात शिरू द्यावे आणि पाण्यासकट डबा उचलावा. मोठ्या छिद्रांची जाळी टाळावी, तिच्यात बोटे व कल्ले अडकतात. हात लावण्यावाचून गत्यंतर नसेल तर साबण न लावता हात भरपूर पाण्याने धुऊन, ओल्या हातांनी खालून आधार द्यावा. काम झाल्यावर मात्र साबणाने हात धुणे आवश्यक, कारण उभयचर प्राण्यांकडून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग माणसाला होऊ शकतो. याच कारणाने टाकीचे सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये आणि लहान मुलांना टाकीत हात घालू देऊ नये.

आधी टाकी, मग प्राणी असे का?

अ‍ॅक्सोलॉटलच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. टाकी आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणले, तर तो स्वतःच्याच विषात राहतो. पाणी तपासण्याच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागल्यावरच प्राणी आणावा. एका प्राण्यासाठी किमान ७५ ते १०० लिटरची, उंचीपेक्षा लांबीला जास्त असलेली टाकी हवी. तळाशी रंगीत खडे घालू नयेत. अ‍ॅक्सोलॉटल तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. त्याबरोबर खडे पोटात जाऊन आतडे तुंबते. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू घालावी. डोळ्यांना पापण्या नसल्याने प्रखर दिवा नको, लपायला जागा हवी. फिल्टरचा प्रवाह संथ असावा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी अँटिक्लोरीन वापरावे. ‘शुद्ध’ म्हणून निव्वळ आरओचे पाणी भरणेही चूक, कारण त्याला आवश्यक असलेले क्षार त्यात जवळपास नसतात. दर आठवड्याला साधारण एक-चतुर्थांश पाणी बदलावे. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच थंड असावे.

आपल्या उन्हाळ्याचा प्रश्न किती मोठा?

सर्वांत मोठा. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. अ‍ॅक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर ताण सुरू होतो आणि २४ अंशांवर पाणी फार काळ राहिले तर जीवावर बेतते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, नेमकी त्याच वेळी प्राण्याची प्राणवायूची गरज वाढते, अमोनियाही अधिक विषारी ठरतो आणि बुरशी फोफावते. पुण्या-मुंबईत एप्रिल-मेमध्ये बादलीतले पाणीच २८-३० अंशांवर असते.

टाकीवर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरते. हे तत्त्व डेझर्ट कूलरचेच आहे. म्हणून विदर्भाच्या कोरड्या हवेत त्याचा थोडाफार उपयोग होतो आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत जवळपास होत नाही. मात्र दोन्हीकडे नुसता पंखा पुरणार नाही. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडणे हा वीज गेल्यावरचा तात्पुरता उपाय आहे. रोज तसे केल्यास तापमान सारखे वरखाली होते आणि तेही बाधते. खात्रीचा मार्ग म्हणजे टाकीसाठीचा चिलर. त्याची किंमत अनेकदा प्राण्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि विजेचे बिल दरमहा येते.

खायला काय, सोबतीला कोण?

गांडूळ हे त्याचे उत्तम अन्न. मात्र ते खते-कीटकनाशके न वापरलेल्या मातीतले असावे. बुडणाऱ्या, मांसाहारी प्राण्यांसाठीच्या गोळ्याही चालतात. पिल्लांना रोज, तर मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा खाणे पुरते. उरलेले लगेच काढावे. सोबत मासे ठेवू नयेत, ते कल्ले कुरतडतात किंवा स्वतः गिळले जातात. लहान अ‍ॅक्सोलॉटल एकमेकांचे पाय तोडतात. नर-मादी एकत्र ठेवल्यास मादी एका वेळी शेकडो अंडी घालते.

आजारी आहे हे कसे ओळखावे?

चेहऱ्यावरून नाही. ते ‘हसू’ म्हणजे केवळ तोंडाची ठेवण आहे. गरम पाण्यात कासावीस झालेला अ‍ॅक्सोलॉटलही हसराच दिसतो. पाहायचे ते कल्ल्यांकडे आणि शेपटीकडे. कल्ले पुढे वळणे, शेपटीचे टोक आकडीसारखे वाकणे, अन्न नाकारणे, वर तरंगत राहणे, अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके येणे, ही धोक्याची चिन्हे. अशा वेळी आधी पाण्याचे तापमान व अमोनिया तपासावा. माशांची औषधे परस्पर टाकू नयेत. तांबे असलेली औषधे तर उभयचरांना घातकच. अशा प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोजके असल्याने ते आधीच शोधून ठेवलेले बरे.

कायदा काय सांगतो?

अ‍ॅक्सोलॉटलचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने साइटीसमधील प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यानुसार २०२४ च्या नियमांखाली असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश २.०’ पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक आहे. हस्तांतरण, जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात. त्यामुळे विक्रेत्याकडून पावती व कागदपत्रे मागून घ्यावीत. नकोसा झाला म्हणून तो ओढ्यात-तळ्यात सोडू नये. तेथे उन्हाने तो मरेलच, शिवाय उभयचरांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी त्याच्यामार्फत पसरू शकते. पश्चिम घाटातल्या बेडकांसाठी हा धोका कमी लेखण्यासारखा नाही.

मग पाळावा की नाही?

निर्णयापूर्वी एक सोपी परीक्षा घेता येते. टाकी भरून, फिल्टर आणि थंड करण्याची सोय लावून, आत प्राणी न सोडता मे महिन्यातले आठ दिवस रोज दुपारी आणि पहाटे पाण्याचे तापमान टिपावे. वीज जाते तेव्हा काय होते, हेही पाहावे. आकडा १८-२० च्या वर जात नसेल, तर पुढचा विचार करावा. जात असेल, तर मुलांना अ‍ॅक्सोलॉटल पडद्यावरच दाखवावा.