उजेडावर चालणारा लिमिटर

कॉम्प्रेसर-लिमिटरचा विषय निघाला की लोक थेट फेअरचाइल्ड 670 वर जातात. वीस व्हॉल्व्ह, चौदा ट्रान्सफॉर्मर; त्याची थोरवी मान्यच. पण आपल्याकडे लिमिटर ही चैन नव्हती, गरज होती. रेडिओच्या ट्रान्समीटरचे मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपलीकडे गेले की आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनात घुसतो. सिनेमाच्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीची रुंदीही ठरलेली. राजकमल स्टुडिओचे ध्वनिमुद्रक मंगेश देसाई यांच्या पिढीने याच चौकटीत काम केले.

1967 चा 1176 लिमिटर चपळ. वीस मायक्रोसेकंदांत आवाज धरतो. त्याच्या एफईटीचा (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरचा) बायस नीट लावला, की तो वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. 1976 च्या डीबीएक्स 160 चा संसार व्हीसीएवर, म्हणजे व्होल्टेजने नियंत्रित होणाऱ्या ॲम्प्लिफायरवर. त्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे.

माझा जीव टेलिट्रॉनिक्सच्या एलए-2ए लिमिटरमध्ये. त्याच्या टी-4 डबीत आवाजाबरोबर उजळणारी पट्टी असते आणि समोर कॅडमियम सल्फाइडचे, उजेड पडला की विद्युतरोध घटणारे दोन सेल. एक आवाज दाबतो, दुसरा मीटर हलवतो. डबी उघडून अंधारात गाणे सोडा: समेवर पट्टी हिरवट उजळते, तान ओसरली की मंदावते. सोडताना सेल निम्मा दाब सुमारे साठ मिलिसेकंदांत सोडतो. उरलेल्याला एक ते पंधरा सेकंद लागतात, आधी किती वेळ, किती दाबले होते त्यावर. अभंगातला लांब आलाप या सावकाशीनेच सांभाळला जातो. वयानुसार पट्टी मंदावते, दोन सेलांची जोडी विसकटते. मग मीटर एक सांगतो, कान दुसरे. अशा वेळी मी कानाचे ऐकतो.

सगळे कपॅसिटर सरसकट उपटणाऱ्या मंडळींशी माझे जुने भांडण आहे. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक सुकतात, ते बदलाच. पण कपलिंगचा कपॅसिटर डीसी गळू देत नसेल, तर त्याला हात कशाला लावायचा? मोजा, मग सोल्डरगन उचला. बदल असा करा की उद्या कुणाला तो उलटवता येईल. काढलेला भाग चिठ्ठी लावून यंत्रासोबतच ठेवा.

इथे पवनानगरच्या पावसाळ्यात निम्मे दोष भागांचे नसतातच. टर्मिनल बोर्डावर ओल धरली की व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी गळती होते आणि निर्दोष सेलवर आळ येतो. मी आधी स्पिरिटने बोर्ड पुसतो, मग साठ वॉटचा बल्ब लावून पेटी रात्रभर वाळवतो. दुसरी गोष्ट आपल्या विजेची. 60 हर्ट्झसाठी बांधलेला अमेरिकी ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झवर जास्त तापतो. स्टेपडाउन लावून व्होल्टेज उतरते, हर्ट्झ तेच राहतात.

आज संगणकात या यंत्रांची चित्रे आहेत, नॉबसुद्धा हुबेहूब. पण सेल जोडीने निवडायला शिकणारा मुलगा शोधून सापडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या बंद पडलेल्या स्टुडिओत असे एखादे यंत्र असेल तर भंगारात देऊ नका, आणि थेट प्लगही लावू नका. आधी सिरीज बल्ब लावा, म्हणजे यंत्राच्या विजेच्या वाटेत ओळीने एक फिलामेंटचा बल्ब जोडा. तो भगभगीत पेटून तसाच राहिला, तर बटण बंद करून जाणत्याला बोलवा.