खुकरीची पारख मुठीत

खुकरी हे नेपाळच्या डोंगरातले घरोघरचे अवजार आहे. सरपण तोडणे, चारा कापणे, दसऱ्याला बळी देणे ही तिची रोजची आणि सणाची कामे. म्यानातून काढली की रक्त पाहिल्याशिवाय ती परत जात नाही, ही निव्वळ आख्यायिका. तसे असते तर भाजी चिरणेच अवघड झाले असते.

लखनौशी तिचा संबंध दोनदा आला. मार्च १८५८ मध्ये जंगबहादुर राणा यांची नेपाळी फौज इंग्रजांच्या बाजूने लखनौवर चालून आली. या मदतीच्या मोबदल्यात, १८१६ मध्ये गमावलेला पश्चिम तराईचा मुलूख १८६० मध्ये नेपाळला परत मिळाला. आज त्याच शहराच्या छावणीत ११ गोरखा रायफल्सचे रेजिमेंटल सेंटर आहे. १ जानेवारी १९४८ रोजी उभ्या राहिलेल्या या पलटणीत पूर्व नेपाळच्या राई आणि लिंबू जवानांचा भरणा आहे. सेंटर पालमपूर, मुंबईतील सांताक्रूझ, दार्जिलिंगचे जलापहाड आणि डेहराडून असे फिरत लखनौला स्थिरावले. कारगिल युद्धात खालुबार येथे वीरमरण आलेले परमवीरचक्रविजेते कॅप्टन मनोजकुमार पांडे याच पलटणीचे. त्यांचे शिक्षणही लखनौच्या सैनिक शाळेत झाले. पलटणीच्या बिल्ल्यावर दोन खुकऱ्या एकमेकींवर तिरक्या आहेत.

पाते आपल्या कोयत्यासारखे आत वळलेले असते. वजन टोकाकडे असल्याने घाव जड बसतो. नेपाळी कामी, म्हणजे लोहार, ते बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. तापलेल्या पात्याला पाणी देताना किटलीची धार फक्त कापणाऱ्या कडेवर सोडतात. त्यामुळे धार कठीण होते आणि पाठ लवचीक राहते. मुठीजवळच्या खाचेला ‘काउडी’ म्हणतात. कोणी तिच्यात गाईचे खूर पाहतो, कोणी शिवाचा त्रिशूळ. सिरू गवताच्या पात्यासारखी निमुळती खुकरी ती ‘सिरुपाते’. रुंद पोटाची ‘बुधुने’ तोडकामाला बरी.

घेणारा सहसा पात्याच्या चकाकीवर भाळतो, पण खुकरी दगा देते ती मुठीत. मुठीचे मुख्य प्रकार दोन. जुन्या गावठी पद्धतीत पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या भोकात जाते आणि लाखेने चिकटवली जाते. अशी खुकरी हलकी असते आणि सैल झाली तर लाख तापवून पुन्हा बसवता येते. काही कारागीर हीच शेपटी मुठीच्या बुडातून आरपार काढून ठोकतात. अशी मूठ अधिक टिकते. दुसरा प्रकार ‘पानावाल’. यात पात्याचे लोखंड मुठीच्या पूर्ण लांबीरुंदीचे असते आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे किंवा शिंगाचे तुकडे रिबिटांनी जोडतात. ही मूठ जड असते, पण लाकूडतोडीला तिचाच भरवसा.

मुठीसाठी बहुधा शिसवी लाकूड किंवा म्हशीचे शिंग वापरतात. शिंग देखणे असते, मात्र घामाने निसटते आणि कोरड्या उष्णतेत आकसते. लखनौच्या मे महिन्यात मुठीच्या पितळी कड्याजवळ फट पडू शकते, लाखही नरम होते. लाकूड त्या मानाने शांत. अधूनमधून तेल लावले की पुरे. मुठीच्या मध्यावरचे उंच कडे बोटे घसरू देत नाही, पण मोठ्या पंजाला ते बोचते, म्हणून खुकरी हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मूठ कानाजवळ नेऊन हलवावी. खुळखुळ आली तर खुकरी परत ठेवावी.

म्यान दोन लाकडी फळ्यांचे, वर चामडे मढवलेले असते. त्याच्या मागच्या खिशात ‘कर्द’ ही लहान सुरी आणि ‘चकमक’ हे बोथट पाते असते. चकमकीने धार सारखी करता येते. खुकरी काढताना म्यान पाठीकडून धरावे. धारेच्या बाजूला बोटे ठेवली तर म्यान कापून धार हाताला लागू शकते. पावसाळ्यात पात्याला तेल लावावे.

कायदाही पाहायला हवा. भारताच्या शस्त्र नियमांच्या वर्गवारीत कृपाण आणि खुकरी यांची नावे आहेत. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती त्यांत येतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना वगळले आहे. नेहमीच्या खुकरीचे पाते ९ इंचांहून लांब असल्याने खरेदीपूर्वी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी.

भिंतीवर टांगायची तर पितळी किंवा शिंगाची मूठ चालेल. रानात वापरायची असेल तर साध्या लाकडी मुठीची पानावालच घ्यावी.